पाय लावलेले गाडे

आमच्या घरी पांगुळगाडे बनतात. तीन लाकडी चाकं, वर त्रिकोणी सांगाडा, मागं उभा दांडा. मूल तो दांडा धरून उभं राहतं आणि गाडा ढकलत ढकलत चालायला शिकतं. चाक फिरलं की त्याच्या दात्यांवर एक पट्टी आपटते आणि टकटक वाजते. शहापूरहून डोळखांबकडं जाणाऱ्या रस्त्याला लागूनच घर आहे. पडवीत रचलेला माल लांबून दिसतो, त्यामुळे कुणाला पत्ता समजावून सांगावा लागत नाही. गाडे माझे सासरे करतात. त्यांना घरात, गावात सगळेच बाबा म्हणतात. विकायचं काम नवऱ्याचं. मी पॉलिश पेपर मारते, तेल लावते, खोक्यात भरते. आणि आमची मुलगी, आता सहा वर्षांची, पडवीत खुर्चीवर बसलेली असते. ती चालत नाही.

एकदा सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोक फार वळसे घेतात. आधी भात कसं आलं, मग माहेरी धसईला सगळी बरी ना, मग पोरगी मोठी झाली गो, आणि मग आवाज खाली आणून, "उभी राहते का?" मला त्या खाली आणलेल्या आवाजाचा कंटाळा आलाय. नाही राहत उभी. चहा घ्या.

वाईट वाटतं का, असंही कुणीकुणी विचारतं. खरं सांगायचं तर मला बराच काळ काही वाटतच नव्हतं. सुरुवातीला वाटायचं. रडून रडून डोळे सुजायचे, जेवण जायचं नाही. मग कधीतरी ते थांबलं. पाय दुमडून फार वेळ बसलं की आधी मुंग्या येतात, आणि नंतर तो पाय आपला आहे की नाही तेच कळत नाही, तसं काहीतरी झालं. मी भात लावत होते, भाकऱ्या थापत होते, हसायच्या ठिकाणी हसत होते. आत मात्र काही हलत नव्हतं. नवरा म्हणायचा, "तू दगड झालीस." मी म्हणायचे, "हो का? मग उद्या दगडाकडं डबा मागू नका."

पोरगी जन्मली तेव्हा लगेच रडली नाही. तेवढाच वेळ, पण तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. मान उशिरा धरली, बसायला त्याहून उशीर. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करून घ्या, बघू. शहापूरला 'बघू', ठाण्याला 'बघू'. त्या दिवसांत आमच्या घरात एकच गोष्ट होती, ही चालेल का. जेवताना तीच, झोपताना तीच, एसटीची वाट बघत फाट्यावर उभं असताना तीच. दुसरा विषयच उरला नव्हता आणि तोच विषय कुणी तोंडानं काढत नव्हतं.

बाबा मात्र काम काढून बसले. ते जन्मभर सुतारकाम करत आले. गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या आहेत. पण आता दारं तयार मिळतात, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, त्यामुळे लाकूड तासायचा वाकस आणि रंधा भिंतीला लावून ते अंगणात नुसतेच बसलेले असायचे. पांगुळगाडे ते पूर्वीपासून करत, पण विकायला नाही. नात्यागोत्यात मूल रांगायला लागलं की एक गाडा करून द्यायचा, झालं.

त्यात त्यांचा एक नियम होता. कोरा गाडा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, आधी त्याला पाय लावायचा. म्हणजे कुणाचं तरी चालायच्या बेतातलं मूल आणायचं, अंगणातल्या जांभळाखाली गाड्याच्या मागं उभं करायचं आणि पडवीच्या पायरीपर्यंत गाडा न्यायला लावायचा. मी नवीन सून होते तेव्हा म्हटलं होतं, "बाबा, तुमीच ढकलून बघा ना, पोर कशाला पाहिजे?" तर म्हणाले, "माज्या हातानं तो नीटच चालंल गो. मी काय त्याच्यावर लोंबकळणार हाय? पोर आपला सगळा भार टाकतं, तवा कळतं गाडा धरतो का सोडतो."

गाडा पुढं पळाला किंवा एका अंगाला ओढला, तर परत ठोकाठोक. नीट गेला, तर पायरीशी पोचलेल्या मुलाच्या तोंडात घरच्या बाईनं गुळाचा खडा घालायचा. मग गाडा जायला मोकळा. सासूबाई होत्या तोवर गूळ त्या द्यायच्या. त्या गेल्यावर गुळाचा डबा माझ्याकडं आला. पडवीच्या कोनाड्यात, हाताशी असतो.

पोरगी बसायला लागली तसा बाबांनी तिच्यासाठी गाडा करायला घेतला. शिवणीचं लाकूड, वजनाला हलकं. रंग दिला नाही, कारण हिला सगळं तोंडात घालायची सवय. दांड्याची मूठ तर तिच्या पंजाचं माप घेऊन केली. सारखं येऊन तिचा हात हातात घ्यायचे, बोटं मिटवून बघायचे आणि परत जाऊन मूठ तासायचे. चांगला दिवस बघून तिला जांभळाखाली उभं केलं. तिनं मूठ पकडली. गाडा पुढं गेला, पाय मागंच राहिले, आणि ती हनुवटीवर आपटली. परत उभं केलं, परत तेच. तिसऱ्यांदा मी करू दिलं नाही. गुळाचा खडा माझ्या हातात विरघळायला लागला होता, तो मी डब्यात टाकला आणि हात पदराला पुसला.

बाबांनी तो गाडा पडवीच्या वाशाला काथ्यानं टांगून ठेवला. म्हणाले, "हा तिचा हाय. तिचा पाय लागल्याबिगर हा जायचा नाय."

मग त्यांनी दुसरा केला. आसाला चामड्याची चकती घातली, चाक जड फिरावं आणि गाडा पळू नये म्हणून. पळाला नाही, पण ही त्याच्यावरच आडवी झाली. तिसऱ्याची मागची चाकं लांब लांब घेतली, कलंडू नये म्हणून. चौथ्याला सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा पट्टा लावला, कमरेला बांधायला. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, "नको बाबा, राहू दे," आणि प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "एकदाच बघू." हो, तेही आता 'बघू' म्हणायला लागले होते. ती प्रत्येक गाड्यावर पडली, रडली, पुढच्या गाड्याला परत हात पुढं केला. पाय एकदाही लागला नाही.

शेजारच्या घरातलं लेकरू तेव्हा चालायच्या बेतात होतं. एक दिवस ते आपणहून रांगत आलं, अंगणात पडलेल्या एका गाड्याला लटकलं आणि टकटक करत थेट पायरीशी. त्याची आई कुंपणापलीकडून ओरडली, "अगं बाई, हा गाडा पडतच नाय गो!" पडणार कसा? सारखी पडणाऱ्या मुलीसाठी केलेला गाडा तो. मी कोनाड्यातला डबा काढला आणि त्या लेकराला गूळ दिला. शेजारीण गाडा मागून घेऊन गेली. मग तिच्या बहिणीला तसाच हवा झाला, बहिणीच्या नणंदेला हवा झाला.

आमचा धंदा हा असा सुरू झाला. कुणी विचारलं की नवरा वेगळं सांगतो. पारंपरिक कला, वडिलांचा वारसा, असलं काय काय बोलतो, आणि बोलतो पण छान. खोटं नाही ते. पण खरं एवढंच की आमच्या मुलीला जे जमले नाहीत ते गाडे बाकीच्या मुलांना फार चांगले जमले.

पहिला भरपूर माल आम्ही म्हशाच्या जत्रेत नेला. नवरा टेम्पो चालवतो, त्यामुळे गाडीचा प्रश्न नव्हता. मुरबाडच्या पुढं म्हसा गाव, तिथं पौषातल्या त्या जत्रेला चालायला जागा नसते. एका बाजूला घोंगडीवाले, दुसऱ्या बाजूला तवे-विळे विकणारे, मधे आम्ही गोणपाट अंथरून. पाय लावायला जत्रेत मुलांचा काय तोटा? बाबा येणाऱ्याजाणाऱ्याच्या कडेवरचं मूल मागून घ्यायचे, गाड्याला लावायचे, टकटक व्हायला लागली की गर्दी जमायची. मी पोरीला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात गुळाचा डबा धरून उभी. एक बाई बराच वेळ बघत होती. म्हणाली, "ताई, ही तर घरचीच ना? मग हिलाच चालवून दाखवा की!"

मी म्हटलं, "ती दमलीये."

"दमणारच! सकाळपासून चालून चालून पाय दुखले असतील राणीचे." असं म्हणून तिनं पोरीच्या पायाला गुदगुल्या केल्या आणि हसली. पोरगी हसली. मी पण हसले. बाबांनी मात्र मान वर केली नाही, हातातली खुंटी उगाच ठोकत बसले. सगळे गाडे गेले त्या दिवशी. येताना नवरा टेम्पोत गाणी लावून खुशीत होता, टोकावड्यापर्यंत जाऊन झणझणीत मिसळ खाऊ म्हणत होता. मी म्हटलं, तुमी खा. तर त्यानं गाणी बंद केली आणि गाडी सरळ घरी आणली.

त्यानंतर फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, रील. गाडे कुरिअरनं पुण्याला, नाशिकला जायला लागले. आणि तिथं आम्ही तोंडावर आपटलो. पहिल्याच कुरिअरवर एका बाईंचा फोन आला, तुम्ही वापरलेला माल पाठवलाय. चाकांना चिखल आहे. चिखल कुठला, शेण होतं ते! आमचं अंगण सारवलेलं, जांभळापासून पायरीपर्यंत गाडा गेला की चाकांना थोडं लागणारच. आम्हाला कधी ते दिसलंच नव्हतं. नवरा समजूत घालायला गेला, "मॅडम, नवाच आहे तो. फक्त इथल्या एका मुलानं आधी चालवून बघितलाय." काय सांगायचं कप्पाळ! बाई अजून भडकल्या. गाडा परत आला.

घरात त्या दिवशी जुंपली. नवरा म्हणाला, "बाबा, आता हे पाय लावणं बंद. लोकांना कोरा माल लागतो."

"मग धंदा बंद," बाबा म्हणाले.

"अहो पण..."

"कुणाचं पोर तोंडावर पडलं म्हंजे? तू जाणार हायस उचलायला नाशिकला?"

दोघंही हट्टाला पेटले. मला कुणाचीच बाजू घ्यायची ताकद नव्हती. मी म्हटलं, "भांडू नका. लावा पाय. चाकं मी पुसते." तेव्हापासून ते काम माझं. एका बादलीत पाणी, एक जुनं फडकं. गाडा पायरीशी आला की मुलाला गूळ द्यायचा आणि गाडा आडवा करून चाकं स्वच्छ पुसायची. तेलाचा हात मारला की कोरा करकरीत. दुसऱ्यांच्या मुलांची पहिली पावलं आमच्या अंगणात पडायची आणि मी ती ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. याचं तरी मला काही वाटायचं का? नाही. फडकं पिळायचं आणि पुढचा गाडा घ्यायचा.

सकाळी ऊन अंगणात आलं की आया मुलं घेऊन यायला लागत. आपल्या मुलाचा पाय लावायला यायला लोकांना आवडतं, मान वाटतो. कुणी आजी येते, कुणी मावशी येते, मोबाईल धरून उभे. लेकरू चाललं की सगळ्यांचा आरडाओरडा, एखादी आई ढसाढसा रडते. मी त्यांना पाणी द्यायची. गिऱ्हाइकांचा फोनही माझ्याकडंच असतो, नवरा गाडीवर असतो म्हणून. त्यावर व्हिडिओ यायचे. फरशीवर चालणारी मुलं, गच्चीवर चालणारी मुलं, बागेत चालणारी मुलं. सगळ्यांना मी हात जोडलेलं चित्र पाठवायची. मोबाईल भरला की ते सगळे एकदम काढून टाकायची.

या सगळ्या वेळात पोरगी पडवीत खुर्चीवर. बाबांनीच केलेली खुर्ची, पुढं आडवी फळी असलेली, म्हणजे ती घसरत नाही. बोलायला तिला फार थोडं येतं. आय, बाबा, पाणी, नको, चल. बाकी वेळ एकतर अंगणात चालणाऱ्या मुलांकडं बघत असायची, नाहीतर मान मागं टाकून वर वाशाकडं. तासन्‌तास वर बघायची. आमचं ठरलेलं होतं, पाल बघते. मी जाता येता विचारायची, "काय गो, दिसली का पाल?" ती हसायची.

यंदा भात झोडून झाल्यावरची गोष्ट. दिवाळीचा माल सगळा गेला होता, एक गाडा शिल्लक नव्हता. नवरा टेम्पो घेऊन आसनगावला गेलेला, बाबा वखारीतून लाकूड आणायला मुरबाडला. दुपारी एक बाई आली. डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरून, आधी डोंगर उतरून आणि मग एसटीनं. कडेवर दीड वर्षाचं लेकरू. गाडा पाहिजे म्हणाली. मी म्हटलं, नाही गो, संपले, पुढच्या आठवड्यात ये. तर ती पायरीवर बसलीच.

"माजं पोर उबं राहत नाय," ती म्हणाली. "सगळी सांगतात, तुमच्या गाड्यानं पोरं चालतात. रिकाम्या हातानं नको पाठवू बाय. घरी सगळी काय काय बोलतात."

ती काय काय बोलतात म्हणजे काय ते मला विचारायची गरज नव्हती. मला तिची दया आली, असं म्हणायला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मी फक्त वर बघितलं. वाशाला पोरीचा गाडा लटकत होता, चार वर्षांची धूळ आणि कोळ्याची जाळी अंगावर घेऊन. आणि मी मनात पहिल्यांदा पूर्ण म्हटलं, ही चालणार नाही. आजपर्यंत अर्धंच म्हणायची. हा गाडा कुणाच्या कामाचा नाही. मी स्टूल आणलं, कोयत्यानं काथ्या तोडला आणि गाडा खाली घेतला.

धूळ पुसली. आसाला तेल सोडलं. जांभळाखाली नेऊन त्या बाईच्या लेकराला मागं उभं केलं. ते आधी किंचाळलं, मग मूठ घट्ट धरली. एक पाऊल. त्याची आई तोंडावर हात धरून बसली. टक. मग दुसरं. टकटक. चालणारं मूल होतं ते, नुसतं भ्यालेलं. मी सवयीनं कोनाड्यातला डबा काढून आणला.

"माजा."

मागून आवाज आला. पोरीचा. हा शब्द तिनं कधी काढला नव्हता. मी वळले. ती खुर्चीतून पुढं झुकली होती, पोटाला फळी रुतलेली, तोंड लालबुंद. तिचा उजवा हात कधी सरळ राहत नाही, तो तिनं गाड्याच्या दिशेनं लांब केला होता.

"माजा!" ती ओरडली. "माजा! माजा!"

लेकरू दचकून थांबलं. पाड्यावरची बाई एकदा गाड्याकडं बघे, एकदा तिच्याकडं, एकदा वाशाला लोंबणाऱ्या काथ्याकडं.

"तिचा हाय का गो तो?"

"हो. पण ती..."

"मग तिला विचारल्याबिगर कसा काढलास?" बाई मला फाडकन म्हणाली. उठली, लेकराला गाड्यावरून उचललं आणि कडेवर घेतलं. "तिचा तिला दे. माजा करून ठेव तू, मी बुधवारी येन." मी तिच्या लेकराला गूळ दिला, ते चाललं होतं, त्याचा तो हक्क होता. ती पोरीच्या गालाला हात लावून गेली. बुधवारी बाबांनी तिचा गाडा तयार ठेवला आणि त्याला पाय तिच्याच लेकरानं लावला.

ती गेल्यावर अंगणात आम्ही दोघीच राहिलो. आमच्या पडवीत पाली नाहीत. असल्या तरी वर्षानुवर्षं रोज एकाच जागी थोड्याच बसून राहतात? ती काय बघत होती ते मला तो लोंबणारा काथ्या बघून कळलं. मला वाटत होतं, आमच्या घरात त्या गाड्याची आशा एकट्या बाबांनी धरलीये. मी सोडली होती. आणि जिचा गाडा तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

आता कुणी चमत्काराची वाट बघत असेल तर आधीच सांगते, ती चालली नाही. आजही चालत नाही.

मी तिला खुर्चीतून काढलं आणि जांभळाखाली नेलं. दोन वर्षांच्या मुलीच्या मापाचा गाडा, त्याची मूठ आता तिच्या पोटाशी येत होती. मी मागून तिच्या काखेत हात घातले आणि सगळा भार माझ्याकडं घेतला. तिनं वाकून मूठ पकडली. तिच्या पायाची बोटं आत वळलेली, ती जमिनीला नीट टेकत नाहीत. मी माझ्या पायानं तिचा डावा पाय पुढं सारला. टक. उजवा सारला. टक. सहा वर्षांचं मूल जड असतं. मधेच मी थांबले, कमरेत कळ आली होती. ती म्हणाली, "चल."

गेलो. जांभळापासून पायरीपर्यंत एवढंसं अंतर, मी रोज शंभरदा जाते येते. तेवढ्यात बाबा रस्त्यावरून आले. खांद्यावर लाकडाचा भारा. ते कुंपणाशीच उभे राहिले, भारा खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. आम्ही पायरीशी पोचलो. गाडा पायरीला आपटून थांबला. चाकांना शेण लागलं होतं.

पोरीनं कष्टानं मान वळवली, माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

मला काही कळेना. दम लागला असेल असं वाटलं. म्हटलं, "पाणी देऊ, बाय?" तिनं मान हलवली. नाही. आणि तोंड अजून मोठं उघडलं, आ करून, जीभ थोडी बाहेर काढून. अंगणातल्या सगळ्या पोरांना तिनं इतकी वर्षं असंच बघितलं होतं. पायरीशी पोचलं की तोंड उघडायचं. आणि तिच्या आईनं डब्यातून खडा काढून त्यांच्या तोंडात घालायचा, एकेकाच्या, तिच्या डोळ्यांसमोर.

तेव्हा मी रडले. नुसते डोळे भरून नाही, भोकाड पसरून, शेजारणीला ऐकू जाईल असं. मला फार दुखलं. माझी पोरगी सहा वर्षांत एकदाही पायरीशी पोचली नाही, आणि तिला तिथं पोचायचं होतं, हे एवढं मला दुखलं की उभं राहवेना. पण खाली बसता येईना, कारण ती माझ्या हातात होती, आणि ती तशीच आ करून माझ्याकडं बघत होती. जरा चिडूनच. हिला आत्ता कसलं रडायला येतंय, असं.

बाबांनी भारा टाकला. आले, कोनाड्यातला डबा घेतला. मला वाटलं तेच देतील. तर त्यांनी डबा माझ्यापुढं धरला.

"मी धरतो तिला. गूळ तूच दे," ते म्हणाले. "घरच्या बाईनं द्यायचा असतो."

त्यांनी तिला मागून काखेत धरलं. मी डब्यातला त्यातल्या त्यात मोठा खडा शोधला आणि तिच्या तोंडात घातला. तिनं तोंड मिटलं. गूळ एका गालातून दुसऱ्या गालात नेत, ओठांतून लाळ गाळत ती चघळत राहिली आणि आम्ही दोघं तिचा गूळ संपायची वाट बघत उभे राहिलो.

संपला तशी ती म्हणाली, "परत."

बाबांनी गाडा उचलून जांभळाखाली नेऊन ठेवला. मी पदरानं नाक पुसलं आणि तिला काखेत धरलं.